बाईच्या नावावरची गाडी

"घरात कुणी बाई आहे का?" फोनमधल्या माणसाने विचारलं.

लोन्वाबोने फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पिठाच्या परातीशेजारी ठेवला होता आणि आवाज मोठा केला होता, त्यामुळे प्रश्न आम्हां तिघांनाही ऐकू आला. मी समोरच्या घरातून चिमूटभर यीस्ट मागायला आले होते आणि नेहमीप्रमाणे तिथेच रेंगाळले होते. लोन्वाबोची आई, नोमालिझो, कोपरापर्यंत हात पिठात घालून ग्विन्यांची, म्हणजे तेलात तळायच्या गोळ्यांची, कणीक मळत होती.

"बाई म्हणजे कसली?" लोन्वाबो चिडून म्हणाला.

"आई, बहीण, बायको, कुणीही. लायसन असलेली. जरा वयस्क असली तर उत्तमच, सर."

लोन्वाबोने गाडीसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. गाडी शोरूममध्ये पुसूनबिसून तयार उभी होती, पण विमा उतरवल्याशिवाय ती दाराबाहेर काढू देणार नव्हते. आणि विम्याचा आकडा ऐकून पोराचं तोंड उतरलं होतं. कारखान्यात रात्रपाळ्या करून जो पगार हाती येत होता त्यातला मोठा घास कंपनी दर महिन्याला घेणार होती, कारण पोरगा चोवीस वर्षांचा होता आणि पुरुष होता.

"मी दारू पीत नाही. शर्यती लावत नाही. विचारा आमच्या गल्लीत!"

"सर, तुम्ही काय करता ते आम्ही बघत नाही. तुमच्या वयाचे पुरुष काय करतात ते बघतो."

"आणि बायका काय करतात हो?" मी मध्येच तोंड घातलं.

"बायका जपून चालवतात, मॅडम. मी नाही म्हणत, आकडे म्हणतात."

नोमालिझोला हसू आलं. मग ती मळायची थांबली आणि हळूच, वर्गात बोट वर करावं तसं, म्हणाली, "माझ्याकडे लायसन आहे."

त्यानंतर फोनमधला आवाज एकदम गोड झाला. किती वर्षं झाली लायसनला, आई? कधी अपघात? नाही? साधा ओरखडासुद्धा नाही? मग शेवटचा प्रश्न आला. "गाडी नेहमी तुम्हीच चालवणार ना?"

नोमालिझोने लेकाकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात जोडून मान जोरजोरात हलवली.

"हो," ती म्हणाली.

"तुमच्यासारख्या बायका कंपनीला फार आवडतात, आई."

आकडा अर्ध्याच्याही खाली आला. लोन्वाबोने आईला पिठासकट उचललं. मी यीस्ट घेऊन घरी आले आणि मला सांगायला हरकत नाही, मलाही आनंदच झाला होता. जन्मभर बाई म्हणून जे मिळालं ते कमीच मिळालं. आज पहिल्यांदा कुणीतरी बाई म्हणून सूट देत होतं.

नोमालिझो आणि मी सरकारी इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला. मी पहिल्यापासून इस्त्रीच्या यंत्रावर. ती मात्र आमच्यातली एकटी गाडीवर गेली. इस्पितळाच्या चादरी आणि गाऊन आसपासच्या दवाखान्यांत पोचवणारी एक पांढरी व्हॅन होती. तिचा ड्रायव्हर सतत प्यालेला असायचा. एके दिवशी साहेब वैतागून म्हणाले, "कुणाला चालवता येते?" आणि हिने, नवरा गेल्यावर दिराच्या मोडक्या गाडीवर शिकून परीक्षा दिलेल्या हिने, लायसन काढून दाखवलं. आमच्या म्दान्त्साने वस्तीच्या रस्त्यांवर तेव्हा बाई गाडी चालवताना दिसली की टॅक्सीवाले खिडकीतून डोकं बाहेर काढत. ही इतकी हळू चालवायची की तिला सगळे कासव म्हणत. प्रत्येक फाट्यावर थांबायची. शाळेसमोर तर रस्ता रिकामा असला तरी थांबायची, म्हणायची, "पोरं रिकाम्या रस्त्यावरच पळतात." व्हॅनला कधी खरचटलंसुद्धा नाही.

मग इस्पितळाने पोचवायचं काम ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराने आपले पुरुष आणले. नोमालिझो परत माझ्या शेजारच्या यंत्रावर आली, तक्रार न करता. लायसन मात्र ती मुदत संपली की नवं करून घ्यायची आणि चोळीच्या आत, छोट्या पाकिटात ठेवायची. मी चिडवायचे, "काय गं, इस्त्रीला लायसन लागतं का?"

"असू दे गं, मादलोमो," ती माझ्या कुळाचं नाव घेऊन म्हणायची, जशी मी तिला मामटोलो म्हणते. "गाडी आली की लागेल."

म्हणजे तिच्या मनात काय होतं ते कळलं ना? लेकाच्या गाडीत बसून, स्वतः चालवत, रविवारी चर्चला जायचं होतं बाईला. एवढीच हौस.

गाडी आली. लाल. आमच्याकडे घरात नवीन काही मोठं आलं की ते आधी पितरांच्या कानावर घालावं लागतं. घर असो, सून असो, गाडी असो. न सांगता आणलेली वस्तू घराची होत नाही, असं म्हणतात. नोमालिझोने ज्वारीची दारू गाळली, बोकड आणला, सगळी गल्ली जमली. तिचे थोरले दीर झोलिले काका कोट घालून फाटकात उभे राहिले, चाकांवर दारू ओतली आणि कुळातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतली. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "ही गाडी लोन्वाबोची. त्याने घाम गाळून आणली. हा पोरगा हिच्यातून रोज कामाला जाईल, येईल, आणि मध्येच कुठे पोरींकडे वळला तर तिकडे काणाडोळा करा. पण रस्त्यावर त्याला सांभाळा!" सगळे हसले. बायकांनी जिभा हलवून आनंदाचे हाकारे घातले. लोन्वाबो काळा चष्मा लावून बॉनेटवर बसला होता आणि त्याच्या मित्रांचे फोन वर होते.

तेव्हा माझ्या मनातही आलं नाही की कंपनीला एक सांगितलं आणि पितरांना दुसरं. पण आलं असतं तरी काय करणार? कंपनीला खोटं सांगता येतं. पितरांना खोटं सांगायला झोलिले काकांची जीभ रेटली नसती, आणि रेटली असती तर ती गाडी त्यांच्या राखणीत आलीच नसती.

त्यानंतर कित्येक महिने ती गाडी समोर उभी असायची, पण नोमालिझो तिच्यात दोनदाच बसली. दोन्ही वेळा मागे. पुढे लोन्वाबोची मैत्रीण.

"एकदा दे की रे किल्ली," ती म्हणायची. "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते."

"आई, ही ऑटोमॅटिक आहे. तुझी ती धोब्याची व्हॅन नाही."

"शिकव मग."

"बघू रविवारी."

रविवारी तो झोपायचा. मी एकदा त्याला तोंडावर म्हणाले, "अरे, गाडी तिच्या नावाने चालते आणि तिला हात लावू देत नाहीस?" तर म्हणतो कसा, "काकू, नाव तिचं कागदावर आहे. पेट्रोल माझं आहे." लहानपणी याला पाठीवर बांधून तिने कपडे धुतलेत. पण बोलून काय उपयोग, आयत्या बिळावर नागोबा झालेला होता तो.

मग तो रविवार आला. दोन मोठ्या संघांचा सामना होता. आमच्याकडे त्या सामन्याच्या वेळी रस्ते ओस पडतात, कुत्रीसुद्धा टीव्हीपुढे असावीत. मला फुटबॉलचं वावडं, म्हणून मी ओट्यावर घेवडा निवडत बसले होते. लोन्वाबो मित्राकडे सामना बघायला निघाला होता आणि त्याला उशीर झाला होता. दुपारचं लख्ख ऊन होतं. थोड्या वेळाने मला तो परत येताना दिसला. पायी, पळत, शर्टाची बटणं तुटलेली. सरळ घरात घुसला.

आतून आवाज मोठे झाले नाहीत, त्यामुळेच मी उठले. तेवढ्यात दोघं बाहेर आली. नोमालिझो अंगावर ॲप्रन तसाच ठेवून त्याच्यामागे पळत होती. पळता पळता तिचा हात चोळीकडे गेला, पाकीट आहे ना ते बघायला. मी हाक मारली. तिने ऐकलं नाही.

जे झालं ते तिने मला नंतर यंत्राच्या आवाजात सांगितलं. पाणटाकीच्या खालच्या रस्त्यावर, वळणाच्या पलीकडे, लोन्वाबोने सोकुतू ताताला उडवलं होतं. सोकुतू ताता म्हणजे निवृत्त रखवालदार, सगळ्या वस्तीचे ओळखीचे. दुकानातून पाव आणि दूध घेऊन घरी चालले होते. गाडी मग भिंतीवर जाऊन आपटली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हातारा गवतात पडला होता. आणि लोन्वाबोला पहिलं आठवलं ते काय, तर फोनमधल्या माणसाचा प्रश्न.

"कंपनीला कळलं की मी चालवत होतो, तर एक रँड देणार नाही," तो आईला म्हणाला. "बँक मला सोडणार नाही. नोकरीसुद्धा जाईल. तू चालवत होतीस, एवढंच म्हण. तुझ्यावर कधी काही डाग नाही. तुला कोण काय म्हणणार?"

"ताता जिवंत आहेत का रे?"

"तू गाडीत बस. खाली उतरू नकोस. पोलीस येईपर्यंत बसून राहा."

आणि तो निघून गेला. लाल गाडीच्या ड्रायव्हरच्या जागेवर नोमालिझो पहिल्यांदा बसली ती अशी. तिने दोन्ही हात चाकावर ठेवले. सीट इतकी मागे होती की तिचे पाय खालपर्यंत पोचत नव्हते. आरशात तिला गवतातला एक बूट दिसत होता आणि तो हलत नव्हता. तिने तेवढ्यावरून ओळखलं. तरी ती उतरली नाही. लेकाने सांगितलं होतं ना, उतरू नकोस म्हणून.

पोलीस आले. दोघं होते, आणि त्यातल्या एकाचा कान रेडिओकडे होता.

"आई, तू चालवत होतीस?"

"हो."

त्यांनी लिहून घेतलं, तिने सही केली. झालं.

शवविच्छेदन झालं, पुरणं झालं. तिच्यावर माणूस मारल्याचा गुन्हा दाखल झाला. आमच्या रीतीप्रमाणे झोलिले काका मेंढा घेऊन सोकुतूंच्या घरी क्षमा मागायला गेले, सोबत नोमालिझो. ताताची बायको माजोला जमिनीवर गादी टाकून, तोंडावरून शाल ओढून बसली होती. तिने मेंढा घेतला. नोमालिझोकडे पाहिलं नाही. लोन्वाबो त्या दिवशी जादा पाळी करत होता म्हणे.

काही आठवड्यांनी कंपनीचा सर्व्हेअर आला. म्हणजे आली. बाई होती! रोशेल अब्राहम्स नावाची तरुण मुलगी, छान इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट. नोमालिझोने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. लोन्वाबो दाराला टेकून उभा होता. मला वाटलं, बाई आहे, सांभाळून घेईल. चहा दिला. तिने दोन चमचे साखर मागितली, आभार मानले, आणि सुरुवात केली.

"आई, गाडी रोज तुम्हीच चालवत होता?"

"हो."

"कामाला कशा जाता?"

नोमालिझोने लेकाकडे पाहिलं. वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ती आणि मी पहाटे टॅक्सी स्टँडवर रांगेत उभ्या असतो.

"कधी गाडीने, कधी टॅक्सीने," लोन्वाबो म्हणाला.

"मी आईंना विचारतेय." तिने वर न बघता म्हटलं. "आई, वायपरची दांडी कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या."

"दुसऱ्या गाड्यांना उजव्या बाजूला असेल. या गाडीला डाव्या बाजूला आहे. आणि गाडी आमच्या आवारात आली तेव्हा सीट पार मागे होती. तुमचे पाय पोचतात का तिथून?"

मला राहवलं नाही. "पोरी, अपघातात सीट सरकली असेल!"

"असेल, मावशी," ती शांतपणे म्हणाली आणि टॅबलेट आमच्याकडे वळवला.

त्यात आमचं फाटक होतं. झोलिले काका कोटात उभे होते. चाकांवरून दारूचा फेस ओघळत होता. ही गाडी लोन्वाबोची, काकांचा आवाज स्वयंपाकघरात घुमला, हा पोरगा हिच्यातून रोज कामाला जाईल. मग हसू आलं, बायकांचे हाकारे आले, त्यात माझाही होता. लोन्वाबोने स्वतःच तो व्हिडिओ सगळ्या जगाला दाखवायला टाकला होता. खाली बदामाचं चित्र लावून.

अब्राहम्सबाईंनी चहा संपवला.

"म्हणजे पैसे नाही मिळणार?" नोमालिझोने विचारलं.

"ज्या माणसाच्या हिशोबाने विमा उतरवला तो माणूस गाडी चालवत नव्हता, आई. पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द."

"मग तुम्ही लिहून देणार का," नोमालिझो हळूच म्हणाली, "की मी गाडी चालवत नव्हते?"

मी दचकून तिच्याकडे पाहिलं. लोन्वाबो दारापासून सरळ झाला. अब्राहम्सबाईसुद्धा थांबल्या. त्यांना सगळं कळलं होतं, मी शपथेवर सांगते. डोळ्यांत दिसलं मला ते. पण त्यांनी टॅबलेट पिशवीत घातला.

"तुम्ही नेहमी चालवत नव्हता, एवढंच आम्ही लिहू. त्या दिवशी कोण चालवत होतं ते पोलिसांचं काम. तुम्ही त्यांना सांगितलंय ना?"

जाताना तिने नोमालिझोच्या खांद्यावर हात ठेवला. फाटकाबाहेर तिची स्वतःची छोटी पांढरी गाडी होती. तिचाही विमा स्वस्तातला असणार.

तेलही गेलं, तूपही गेलं. आता खोट्याला धरून बसण्यात काही अर्थ उरला नव्हता, निदान मला तरी असं वाटलं, आणि नोमालिझोलाही वाटलं. ती लेकाला म्हणाली, "आता खरं सांगू या. पैसे तर नाहीतच मिळत."

"आता?" लोन्वाबो ओरडला. "आता सांगितलं तर खोटी जबानी दिली म्हणून तू आत, आणि माणूस मारून पळालो म्हणून मीही आत! मला नोकरी नको? बँकेचे हप्ते कोण भरणार, तू? त्या इस्त्रीवर?"

"पण मी नव्हते रे मारलं त्यांना."

"मला माहीत आहे ना!" तो तिच्याजवळ येऊन बसला. गोड बोलायला लागला, तसाच, फोनमधल्या माणसासारखा. "आई, ऐक. तू म्हातारी आहेस. तुला कधी काही झालेलं नाही. बाईमाणूस आहेस. बाईला कोर्टसुद्धा स्वस्तात सोडतं."

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती ऑपरेशनच्या हिरव्या चादरी घड्या करत होती. मी म्हटलं, "मामटोलो, तू सांगत नसलीस तर मी जाते पोलिसांत. मी पाहिलंय त्याला पळत येताना."

तिने चादर खाली ठेवली. "तू गेलीस तर मी म्हणेन, मादलोमो खोटं बोलते. तिचं आणि माझं भांडण आहे म्हणेन."

"त्या गाढवासाठी?"

"दुसरा कोण आहे मला?"

पोरं सगळ्यांनाच असतात. मी रागाने दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, मग बोलले.

कोर्टाला वर्ष लागलं. निकालाच्या दिवशी तिने प्रार्थनेला जायचा लाल ब्लाउज इस्त्री करून घातला होता. लोन्वाबो मागच्या बाकावर, नव्या जॅकेटमध्ये, मांडीवर फोन. मी मध्येमध्ये वळून त्याच्याकडे बघत होते. आता उठेल, आता उठेल. मॅजिस्ट्रेटने विचारलं, "गुन्हा कबूल?" तेव्हासुद्धा मला वाटलं. नोमालिझो म्हणाली, "कबूल," आणि मागच्या बाकावर तो अंगठ्याने काहीतरी वर सरकवत होता.

मॅजिस्ट्रेट भला माणूस असावा. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "तुमच्यासारख्या बाईकडून हे अपेक्षित नव्हतं. एखादा उनाड पोरगा असता तर मी समजू शकलो असतो. तुम्ही इतकी वर्षं व्यवसाय म्हणून गाडी चालवलीत. तुम्ही स्त्री आहात, आई आहात. तुमच्याकडून जास्त काळजीची अपेक्षा होती." तुरुंगवास दिला, पण तो स्थगित ठेवला. दंड केला. आणि लायसन कायमचं रद्द केलं.

कंपनीने ठरवलं, ही बाई गाडी चालवत नव्हती. कोर्टाने ठरवलं, हीच चालवत होती. दोघांचे शिक्के खरे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाने स्वतःच मान पुढे केली होती. त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

कारकुनाने लायसन मागितलं. तिने सगळ्यांसमोर चोळीत हात घातला, तेव्हा दोन पोलीस हसले. कार्ड घामाने ओलं झालं होतं. तिने ते ॲप्रनला पुसायला हात खाली नेला, पण ॲप्रन नव्हता, मग स्कर्टला पुसून दिलं.

बाहेर लोन्वाबो म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? सोडलं की नाही?" आणि कामाला उशीर होतो म्हणून गेला. आम्ही दोघी टॅक्सीने परत आलो.

त्याच सुमारास माजोलाचं शोकाचं वर्ष संपलं. तिने काळे कपडे उतरवले आणि ती गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेला पुन्हा यायला लागली. नोमालिझो कधीपासून मागच्या बाकावर एकटी बसत होती. बायका तिला टाळत नव्हत्या, नमस्कार-चमत्कार करत होत्या, पण तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. मी बसायचे तेवढीच.

त्या गुरुवारी पाद्रीबाईंचं बोलणं संपलं, मध्ये चहा झाला, आणि माजोला कप ठेवून सरळ आमच्या बाकाकडे चालत आली. हॉलमधलं बोलणं एकदम थांबलं. ती नोमालिझोच्या शेजारी बसली.

"मामटोलो," ती म्हणाली, "मी भांडायला आले नाही. जे झालं त्याचा निकाल कोर्टाने दिला, मेंढा आम्ही खाल्ला, ते संपलं. मला एकच विचारायचंय. वर्षभर विचारायचं होतं, पण काळ्या कपड्यांत कसं विचारणार."

नोमालिझोने मान हलवली.

"तू तिथे होतीस. तूच एक होतीस. शेवटी ते काही बोलले का?"

नोमालिझोने लेकाला हे विचारलं होतं, मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ताता काही बोलले का रे? आणि तो म्हणाला होता, मी उतरलोच नाही बघायला. हिने स्वतः तर आरशातल्या बुटाखेरीज काही पाहिलं नव्हतं. म्हातारा लगेच गेला की विव्हळत राहिला, एकटा पडून कुणाला हाका मारत होता, हे या जगात कुणालाच माहीत नव्हतं.

नोमालिझोने माझ्याकडे पाहिलं. बोल, मी डोळ्यांनी म्हटलं, आता तरी बोल, सगळ्या आहेत इथे, सांग की मी नव्हते. माजोला वाट पाहत होती. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"बोलले," नोमालिझो म्हणाली.

"काय बोलले?"

"पाव... पाव कुठे पडला, म्हणाले."

माजोला हसली आणि हसता हसता रडायला लागली. "पावाचंच विचारणार ते! मीच पाठवलं होतं गं त्यांना. घरात पाव नव्हता." तिने शालीने नाक पुसलं. "खूप दुखत होतं का त्यांना?"

"नाही. फार वेळ नाही."

"एकटे होते म्हणून मला झोप लागत नाही. गवतात, एकटे."

"एकटे नव्हते," नोमालिझो म्हणाली. तिचा आवाज आता स्थिर झाला होता, इस्पितळाच्या दारात चादरी मोजून देताना असायचा तसा. "मी होते ना. मी उतरून गेले. त्यांचा हात धरून बसले होते."

"कोणता?"

"काय?"

"कोणत्या हाताने धरलास?"

नोमालिझोने उजवा हात थोडासा उचलला. इस्त्रीच्या वाफेने भाजून भाजून कातडीला चकाकी आलेला तो हात. माजोलाने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला, आणि मग आपल्या मांडीवर ठेवून घट्ट धरला.

पेटीवर सूर लागला. सगळ्या बायका उठल्या, टाळ्या वाजायला लागल्या. त्या दोघी बसूनच राहिल्या. गाणं संपलं, दुसरं झालं, शेवटची प्रार्थना झाली, तरी माजोलाने हात सोडला नाही आणि नोमालिझोने काढून घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी पोचलो तेव्हा माजोला आधीच मागच्या बाकावर येऊन बसली होती. नोमालिझो तिच्या उजव्या हाताला येईल, अशी जागा तिने राखून ठेवली होती. मग माजोलाच्या लक्षात आलं, तशाने नोमालिझोचा डावा हात तिच्याकडे आला असता, आणि ती उठून दुसऱ्या बाजूला बसली.